रंगीत सात इंची: पंक सिंगल्स जमवायला सुरुवात करताना

न्यू जर्सीच्या मिसफिट्स या पंक रॉक बँडने १९७९ मध्ये 'हॉरर बिझनेस' ही सिंगल (मोजक्या गाण्यांची सात इंची छोटी रेकॉर्ड) काढली तेव्हा पिवळ्या व्हिनाइलवर २,००० प्रती निघाल्या आणि काळ्यावर फक्त २५. म्हणजे या सिंगलची खरी दुर्मीळ प्रत काळी आहे. सिएटलच्या मडहनीची १९८८ मधली पहिली सिंगल घ्या. पहिल्या छपाईत ८०० प्रती कॉफीच्या रंगाच्या आणि २०० काळ्या. पंकमधल्या सगळ्यात महागड्या सात इंचींत जिचं नाव आधी येतं ती सेक्स पिस्टल्सची 'गॉड सेव्ह द क्वीन'सुद्धा, ए अँड एम कंपनीने मार्च १९७७ मध्ये छापलेली, साधी काळीच आहे. कंपनीने आठवड्याभरात बँडशी करार मोडला, छापून झालेल्या सुमारे २५,००० प्रतींपैकी बहुतेक नष्ट केल्या आणि मोजक्या तेवढ्या वाचल्या.

रंगीत रेकॉर्ड घेऊच नका, असं मला म्हणायचं नाही. मला स्वतःला त्या मनापासून आवडतात. साध्या झेरॉक्स केलेल्या कव्हरातून झगझगीत केशरी तबकडी बाहेर येते तो क्षण दुसऱ्या कुठल्याही छंदात मिळत नाही. पण रंगावरून किंमत ठरत नसते. ती प्रत कधी निघाली, कुणी काढली, किती निघाल्या, त्यांतल्या किती टिकल्या यावरून ती ठरते, आणि रंग ही या गोष्टी शोधण्याची एक खूण असते. ती खूण वाचायला शिकलात की खिसा सांभाळून चांगला संग्रह उभा राहतो.

आधी काय जमवायचं ते ठरवा

'रंगीत पंक सिंगल्स' हा विषय एका माणसाला झेपणारा नाही. १९७६ च्या ऑक्टोबरात द डॅम्ड या बँडची 'न्यू रोझ' आली, ती ब्रिटनमधली पहिली पंक सिंगल मानली जाते. तेव्हापासून जगभरातल्या बँडनी इतक्या सात इंची काढल्या आहेत की त्यांची पूर्ण यादीसुद्धा कुणापाशी नाही. म्हणून एक धागा पकडा. एखादा बँड पूर्ण जमवा, किंवा एखादी छोटी कंपनी, किंवा एका शहराचा चार-पाच वर्षांचा काळ. काही जण १९७७ ते १९७९ मधल्या ब्रिटिश रंगीत सिंगल्सच घेतात. हा धागा नवख्यासाठी फार चांगला आहे, कारण त्यांतल्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी भरपूर छापल्या होत्या आणि आजही बेताच्या पैशात मिळतात.

धागा निवडताना एकच कसोटी लावा: हे संगीत तुम्ही रंगाशिवाय ऐकाल का? उत्तर नाही असेल तर ती रेकॉर्ड सोडून द्या. पंकमध्ये अतिशय सामान्य बँडच्याही शंभर-शंभर प्रतींच्या, तीन रंगांच्या सिंगल्स निघाल्या आहेत. संख्या कमी आहे म्हणून त्यांना मागणी येत नाही.

वाजवायची सोय

संग्रह करायचा आणि वाजवायचा नाही, हे मला पटत नाही. पंकची सिंगल वाजवण्यासाठीच काढलेली असते. पण वाजवायला सूटकेससारखा दिसणारा स्वस्त प्लेअर घेऊ नका. त्यातलं सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) सुईवर पाच ग्रॅमच्या आसपास भार टाकू शकतं. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला दीड ते दोन ग्रॅम पुरतात. भार बदलता येणारा, मागे प्रतिभार असलेला साधा टर्नटेबल घ्या, जुना असला तरी चालेल, आणि सुई मात्र नवी बसवा.

सात इंचीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी लागतात. अमेरिकेत छापलेल्या बऱ्याच सिंगल्सचं मधलं भोक मोठं, दीड इंचाचं असतं, त्यासाठी अडॅप्टर हवा. आणि वेग दर वेळी तपासा. सिंगल म्हणजे ४५ आरपीएम (मिनिटाला ४५ फेरे) हे गृहीत धरू नका. हार्डकोर या पंकच्या आणखी वेगवान प्रकारातल्या बँडनी एका सात इंचीवर सहा-आठ गाणी बसवण्यासाठी अनेकदा ३३ चा वेग वापरला आहे, आणि लेबलवर वेग लिहिलेला असेलच असं नाही.

रंग आले कुठून

सात इंची ४५ ची रेकॉर्ड जन्मालाच रंगीत आली. आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये ती बाजारात आणली तेव्हा संगीताच्या प्रकारानुसार रंग ठरवले होते: कंट्री हिरव्यावर, शास्त्रीय लालवर, मुलांची गाणी पिवळ्यावर. ही पद्धत फार टिकली नाही आणि सगळं पुन्हा काळ्यावर आलं.

ब्रिटनमध्ये पंकचा भर होता त्या काळात रंग परत आला तो दोन वाटांनी. एक वाट मोठ्या कंपन्यांची. सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या सिंगल्सच्या यादीत वर चढायचं तर चाहत्याने पहिल्या आठवड्यातच रेकॉर्ड घ्यायला हवी, आणि जमलं तर एकाच गाण्याच्या दोन-तीन घ्यायला हव्यात. जनरेशन एक्सची 'किंग रॉकर' जानेवारी १९७९ मध्ये आली ती चार रंगांत, बँडच्या चार जणांच्या चार वेगवेगळ्या कव्हरांत. त्याच वर्षी डॅम्डची 'लव्ह साँग' लाल तबकडीवर आली, तिलाही चार कव्हरं. लॉस एंजेलिसच्या द डिकीज या बँडची 'बनाना स्प्लिट्स' पिवळी, आणि त्यांची नाताळची 'सायलेंट नाइट' पांढरी.

हे व्यापाराचं गणित होतं खरं, पण कधीकधी रंग गाण्यातूनच यायचा. एक्स-रे स्पेक्सची 'द डे द वर्ल्ड टर्न्ड डे-ग्लो' १९७८ मध्ये निघाली. गाणं कृत्रिम, चमकदार प्लॅस्टिकच्या जगाबद्दल आहे, आणि तबकडी तशाच भडक केशरी रंगाची. ही रेकॉर्ड हातात घेऊन ऐकली की रंगीत व्हिनाइल नेमकं कशासाठी असावं याचा उलगडा होतो. नवख्याने पहिली कोणती घ्यावी असं कुणी विचारलं तर मी हिचंच नाव घेतो.

दुसरी वाट छोट्या कंपन्यांची, आणि ती पुढे अमेरिकेत जास्त रुळली. बझकॉक्स या मँचेस्टरच्या बँडने जानेवारी १९७७ मध्ये उसन्या पैशावर 'स्पायरल स्क्रॅच' स्वतःच काढली. पहिल्या १,००० प्रती, सगळ्या काळ्या. बँड स्वतः रेकॉर्ड काढू शकतो हे तिने दाखवून दिलं. पुढे डिसकॉर्ड, प्लॅन ९, रेव्हलेशन अशा बँडवाल्यांनीच चालवलेल्या कंपन्या आल्या. त्यांच्याकडे जाहिरातीला पैसा नव्हता. मग टपालाने आधी ऑर्डर देणाऱ्याला रंगीत प्रत, नंतर येणाऱ्याला काळी, अशी रीत पडत गेली. रंग म्हणजे 'तू लवकर आलास' याची पावती. आजही नवीन रेकॉर्डच्या घोषणेत 'लाल १००, पारदर्शक २००, काळी ७००' असं लिहिलेलं दिसतं ते याच रीतीतून.

आता मिसफिट्सकडे परत पाहा. त्यांची 'बुलेट' १९७८ मध्ये आधी काळ्यावर १,००० निघाली आणि दुसऱ्या छपाईत लालवर २,०००. इथे लाल रंग सांगतो की ही पहिली छपाई नाही. रंग वाचायचा तो असा.

तबकडी कशी बनते, हे थोडं माहीत असू द्या

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी हे प्लॅस्टिक, आणि ते मुळात जवळजवळ रंगहीन असतं. काळी रेकॉर्ड काळी दिसते ती त्यात थोडा कार्बन ब्लॅक मिसळलेला असतो म्हणून. रंगीत रेकॉर्डमध्ये त्याच्या जागी दुसरे रंगद्रव्य येते. रंगीत दाणे यंत्रात वितळतात, त्यांचा मऊ गोळा बाहेर येतो, खाली-वर कागदी लेबलं ठेवून तो दोन साच्यांमध्ये दाबला जातो, आणि बाहेर आलेली कडा कापून टाकतात. लेबल चिकटवलेलं नसतं, ते तबकडीबरोबरच दाबलं जातं. लेबल फुगलेलं किंवा सुटलेलं दिसलं तर तबकडी वेगळ्या प्रकारची असू शकते. अमेरिकेतल्या काही जुन्या सिंगल्स पॉलिस्टायरीनच्या असत, त्यांची लेबलं खरंच चिकटवलेली असतात आणि त्या झिजलेल्या सुईने फार लवकर खराब होतात.

या माहितीचा एक उपयोग लगेच होतो. कारखान्यात रंग बदलताना आधीच्या रंगाचे दाणे यंत्रात उरलेले असतात. मग मधल्या काही प्रती मिश्र रंगाच्या निघतात: लालातून पिवळ्याकडे जाताना केशरी धुरकट पट्टे असलेल्या. कधी त्या टाकून देतात, कधी इतर प्रतींबरोबर निघून जातात. अशी प्रत मिळाली तर ती नकली आहे असं लगेच समजू नका. उलट 'यादीत नसलेला रंग' म्हणून विकणारा अवाच्या सवा किंमत मागत असेल तर भुलूनही जाऊ नका. एकाच छपाईत गोळा कसा पडला त्याप्रमाणे प्रत्येक प्रतीचे पट्टे वेगळे येतात.

रंगांच्या प्रकारांची नावं विक्रीच्या वर्णनात सतत भेटतील. एकरंगी अपारदर्शक आणि एकरंगी पारदर्शक हे दोन साधे. मार्बल म्हणजे दोन रंग ढवळलेले. स्प्लिट म्हणजे अर्धी एका रंगाची, अर्धी दुसऱ्या. स्प्लॅटर म्हणजे एका रंगावर दुसऱ्या रंगाच्या दाण्यांचे शिंतोडे. पिक्चर डिस्कमध्ये छापलेलं चित्र पारदर्शक थरांच्या खाली असतं.

रंगीत रेकॉर्डचा आवाज वाईट असतो, हे सरसकट खरं नाही. चांगल्या कारखान्यात दाबलेली एकरंगी तबकडी आणि काळी यांत घरच्या साध्या सिस्टिमवर फरक कळत नाही. मला ऐकू येतो तो फरक स्प्लॅटरवर, जिथे दोन मिश्रणं नीट एकजीव होत नाहीत, आणि त्याहून जास्त पिक्चर डिस्कवर. अंधारात चमकणाऱ्या तबकड्याही बऱ्याचदा खरखरतात. पेनेट्रेशन या बँडचा 'मूव्हिंग टार्गेट्स' हा १९७८ चा अल्बम अशा चमकणाऱ्या व्हिनाइलवर आला होता. दिसायला विलक्षण, पण ऐकण्यासाठी काळी प्रत वेगळी ठेवलेली बरी. पंकचं एक बरं आहे: ४५ च्या वेगाने तीन मिनिटांचं गाणं म्हणजे खाचा रुंद आणि आवाज मोठा, त्यात थोडी खरखर बुडून जाते. ३३ च्या वेगाने सहा गाणी कोंबलेल्या हार्डकोर सात इंचीवर ही सवलत मिळत नाही, तिथे प्रत स्वच्छच हवी.

तबकडी वाचायला शिका

याला वेळ द्या. बाकी काही शिकला नाहीत तरी चालेल, पण हे शिका.

शेवटचं गाणं संपतं आणि लेबल सुरू होतं त्यामधला गुळगुळीत पट्टा म्हणजे रनआउट. त्यावर काही अक्षरं आणि आकडे कोरलेले असतात, काही साच्याने ठोकलेले. तबकडी दिव्याखाली तिरपी धरून फिरवा म्हणजे दिसतील. यातला मुख्य भाग बहुधा कॅटलॉग क्रमांक आणि बाजू असतो. ए अँड एमनंतर व्हर्जिन कंपनीने काढलेली 'गॉड सेव्ह द क्वीन' व्हीएस १८१ या क्रमांकाची, स्टिफ कंपनीची 'न्यू रोझ' बाय ६. त्यापुढची अक्षरं लाखेची (साचा बनवण्याआधी जिच्यावर खाचा कापतात त्या मूळ तबकडीची) कितवी प्रत कापली ते सांगतात, कारखान्याच्या खुणा असतात, कधी कापणाऱ्या इंजिनिअरची सही असते. जॉर्ज पेकहॅम हे ब्रिटिश इंजिनिअर आपल्या कामावर 'अ पोर्की प्राइम कट' असं कोरत असत. बऱ्याच ब्रिटिश पंक रेकॉर्डवर ते सापडतं, आणि सापडलं की कापणी उत्तम असणार हे मी धरून चालतो. पंकवाल्यांनी या पट्ट्यावर शिव्या, विनोद, मित्रांची नावं, राजकीय घोषणाही कोरून ठेवल्या आहेत. एका बाजूवर सुरू केलेलं वाक्य दुसऱ्या बाजूवर पूर्ण केलेलंही मिळतं.

हातात आलेली प्रत कोणत्या छपाईची हे ठरवायचा क्रम असा ठेवा: रनआउट, मग लेबलचा कागद, रंग आणि त्यावरचा मजकूर, मग कव्हर, मग आतला कागद, आणि तबकडीचा रंग सगळ्यात शेवटी. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर प्रत्येक छपाईची वेगळी नोंद असते. तुमच्या तबकडीवरची अक्षरं तिथे दिलेल्या अक्षरांशी एकेक करून जुळवा. मोकळी जागा, रेघ, फुली, सगळं. नोंदी लोकांनीच भरलेल्या असल्याने चुका असतात, म्हणून फोटोही पाहा आणि नोंदीखालच्या टिप्पण्या वाचा.

कव्हराकडे दुर्लक्ष करू नका. पंकमध्ये कव्हर निम्मी रेकॉर्ड असते. डिसकॉर्डच्या सुरुवातीच्या सिंगल्सची कव्हरं बँडच्या लोकांनी आणि मित्रांनी हाताने कापून, दुमडून, चिकटवलेली आहेत. कडा वाकड्या असणं हा तिथे दोष नाही. वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेटच्या १९८१ मधल्या पहिल्या सात इंचीच्या वेगवेगळ्या छपायांची कव्हरं लाल, पिवळी, हिरवी, निळी अशी आहेत. म्हणजे इथे रंग तबकडीऐवजी कागदावर आला. क्रास या ब्रिटिश बँडच्या सिंगल्सची कव्हरं उलगडली की पोस्टर होतं आणि 'यापेक्षा जास्त पैसे देऊ नका' अशी किंमत समोरच छापलेली. अशा रेकॉर्ड घेताना आतला कागद, गाण्यांचे शब्द, स्टिकर, पोस्टर सगळं आहे ना, हे नोंदीशी ताडून पाहा. कागद नसेल तर किंमत बरीच उतरायला हवी. आणि कव्हर एका छपाईचं, तबकडी दुसऱ्या छपाईची, असे जोड बाजारात खूप फिरतात.

प्रत पारखताना

दर्जा सांगण्यासाठी जगभर बहुतेक ठिकाणी गोल्डमाइन या संग्राहकांच्या अमेरिकन मासिकाची पट्टी वापरतात: मिंट (अगदी कोरी), निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, गुड प्लस, गुड, आणि त्याखाली फेअर, पुअर. ब्रिटिश विक्रेते 'एक्सलंट' हाही दर्जा वापरतात. 'गुड' म्हटलेली प्रत प्रत्यक्षात फार खरखरते. नवख्याने तबकडीसाठी व्हीजी प्लसच्या खाली जाऊ नये, कव्हरासाठी व्हीजी चालवून घ्यावं. दुर्मीळ असेल तर हा नियम सैल करा, पण मग ती वाजवून ऐकल्याशिवाय किंवा वाजवल्याची ध्वनिफीत मागितल्याशिवाय घेऊ नका.

रंगीत तबकडी पारखायला काळीपेक्षा अवघड. काळ्यावर चरा चटकन चमकतो. पांढऱ्या, पिवळ्या आणि पारदर्शक तबकडीवर तो दिसतच नाही. त्यासाठी एकच बल्ब घ्या, ट्यूबलाइट नको, आणि तबकडी जवळजवळ नजरेच्या रेषेत आडवी धरून हळूहळू फिरवा. प्रकाश कडेने खाचांवर पडला की चरे उठून येतात. मग नखाने नाही, बोटाच्या पेराने कडेवरून हलकेच चाचपून बघा. बोटाला लागणारा चरा सुईलाही लागणारच. पारदर्शक तबकडीच्या मागे दिवा धरू नका, त्याने चरे उलट लपतात. मागून दिवा धरायचा तो तडे शोधायला, आणि रंग खरा कोणता ते पाहायला. काळ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही तबकड्या जोरदार प्रकाशासमोर धरल्या की गडद तपकिरी किंवा लालसर पारदर्शक निघतात. पांढऱ्यावर खाचांमधली घाण करड्या रेघांसारखी दिसते, ती बहुतेक वेळा धुतली की जाते. पारदर्शक तबकडी वर्षानुवर्षांनी पिवळसर पडते, तो डाग नव्हे, ती परत स्वच्छ होत नाही.

सपाटपणाही पाहा. टेबलाच्या काठाशी डोळे आणून तबकडी फिरताना बघा. कडेला हलकी लाट चालते, उडी चालत नाही.

खरेदी कुठून, कशी

नवीन रेकॉर्ड बँडकडून किंवा कंपनीकडूनच घ्या. घोषणेनंतर काही तासांत मर्यादित रंग संपतात, म्हणून आवडत्या कंपन्यांच्या टपाल यादीत नाव घाला. दर महिन्याला एक सात इंची पाठवणारे क्लबही पंकमध्ये चालत आले आहेत. फॅट रेक कॉर्ड्स कंपनीने २००१ मध्ये असा क्लब चालवला, एनओएफएक्स या बँडने २००५ मध्ये स्वतःचा. असा क्लब पुन्हा निघाला तर सुरुवातीलाच सभासद होणं परवडतं, सुटे अंक नंतर गोळा करणं परवडत नाही. रेकॉर्ड स्टोअर डे हा स्वतंत्र रेकॉर्ड दुकानांचा दिवस २००८ पासून दर वर्षी होतो, त्या दिवशीही रंगीत सिंगल्स निघतात. तिथल्या बऱ्याच गोष्टी जुन्या रेकॉर्डच्या रंगीत पुनर्छपाया असतात हे ध्यानात ठेवून घ्या. ऐकायला उत्तम, पण पहिल्या छपाईच्या भावात नव्हेत.

जुन्या रेकॉर्डसाठी डिस्कॉग्जचा बाजार, लिलावाची संकेतस्थळं, रेकॉर्ड मेळे, दुकानं आणि इतर संग्राहक. भाव ठरवताना विक्रेत्यांनी काय मागितलं आहे ते पाहू नका, प्रत्यक्षात कितीला गेली ते पाहा. मागच्या विक्रीचे आकडे उपलब्ध असतात. वरचे एक-दोन आणि खालचे एक-दोन सोडून मधल्या आकड्यांवरून अंदाज बांधा. त्या आकड्यांमधला दर्जाही बघा, कारण निअर मिंटची आणि व्हीजीची किंमत एकाच यादीत शेजारी शेजारी असते.

विकणाऱ्याला थेट प्रश्न विचारा: रनआउटवर दोन्ही बाजूंना काय आहे? दर्जा नुसता पाहून ठरवला की वाजवून? आतला कागद आहे का? कव्हरावर लिहिलेलं, फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं काही आहे का? रंगाचा फोटो दिवसाच्या उजेडातला आहे का? संग्रह करणारा विक्रेता आनंदाने उत्तर देतो. फोटो मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून महागडी रेकॉर्ड घेऊ नये.

लिलावात बसताना जास्तीत जास्त किती द्यायचे ते आधी कागदावर लिहून ठेवा. चार रंगांचा संच असेल आणि तीन जमलेले असतील तर चौथ्यासाठी माणूस हवे तेवढे मोजायला तयार होतो, आणि विकणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. चौथा पुन्हा येतो. मोठ्या कंपनीने हजारोंनी छापलेल्या सिंगलचा तर नक्कीच येतो.

नकली प्रती

पंकमध्ये नकली रेकॉर्ड फार, मिसफिट्ससारख्या बँडच्या तर विशेषच. गंमत अशी की नकली काढणाऱ्यांना रंगीत व्हिनाइल प्रिय आहे. मूळ रेकॉर्ड फक्त काळ्यावर आली असेल आणि समोर जांभळी किंवा स्प्लॅटर प्रत असेल तर ती अनधिकृत छपाई तरी आहे किंवा नंतरची अधिकृत पुनर्छपाई. दोन्हींत पहिली छपाई नाही.

कव्हराचा फोटो मोठा करून पाहा. मूळ कव्हरावरून स्कॅन केलेली छपाई पुसट असते, बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतात, करड्या भागात जाळीसारखी नक्षी उठते. मूळ कव्हराच्या घड्या आणि डागसुद्धा छापलेले सापडतात. बोट फिरवलं तर छापलेली घडी सपाट लागते. रनआउटमधलं अक्षर मूळ फोटोतल्या हस्ताक्षराशी जुळतं का ते बघा. मजकूर तोच, पण 'आर'चा पाय वेगळा, अंतर वेगळं, हे डोळ्याला लवकरच सवयीचं होतं. पारदर्शक किंवा पांढऱ्या तबकडीला रंगाच्या पाण्यात बुडवून 'दुर्मीळ रंग' बनवणारेही आहेत. त्यात लेबलाच्या कडेला रंगाची छटा उतरलेली असते आणि तबकडीच्या रंगात डाग पडतात.

अनधिकृत प्रत माहीत असून ऐकायला घेतलीत तर तो तुमचा निर्णय. पण पुढे कुणाला देताना ती काय आहे हे स्पष्ट सांगा. छोट्या बँडचे पैसे आधीच बुडालेले असतात, निदान पुढचा संग्राहक तरी फसू नये.

पोहोचल्यावर

टपालाने मागवताना विकणाऱ्याला सांगा की तबकडी कव्हराच्या बाहेर, साध्या आतल्या पिशवीत ठेवून पाठवा. आत ठेवली तर वाटेत कडेने कव्हर फाटतं. दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा, तबकडीपेक्षा मोठा, आणि त्याच्या पन्हळी एकमेकींना काटकोनात. पार्सल उन्हात राहिलं असेल तर लगेच उघडून वाजवू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

धुताना डिस्टिल्ड पाणी आणि त्यात भांडी घासायच्या द्रवाचा एखादा थेंब पुरतो. मऊ मायक्रोफायबर कापड खाचांच्या दिशेने फिरवा, आडवं नाही. लेबलाला पाणी लागू देऊ नका. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा, आणि उभी ठेवून पूर्ण वाळवा. दर वेळी वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश फिरवला की पुरे.

जुन्या कागदी पिशवीऐवजी आत पॉलिथिनचं अस्तर असलेली पिशवी वापरा, मूळ पिशवी मात्र टाकू नका, तिच्यामागे ठेवा. बाहेरची पारदर्शक पिशवी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिनची घ्या. जाड, मऊ, चकचकीत पीव्हीसीच्या पिशव्या टाळा. त्यांच्यातलं प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य काही वर्षांत तबकडीवर दुधाळ धुकं सोडतं आणि ते धुऊन जात नाही. पारदर्शक रंगावर तर ते लगेच नजरेत भरतं.

रेकॉर्ड उभ्या ठेवा, घट्ट नाहीत आणि कलंडतील इतक्या सैलही नाहीत. उष्णता आणि दमटपणा दोन्हींपासून दूर. रंगीत तबकडी भिंतीवर टांगायचा मोह होतो. टांगायची तर कव्हर टांगा, तेही रंगीत झेरॉक्स काढून. थेट उन्हाने व्हिनाइल वाकतं, रंग फिका पडतो, आणि कव्हराची शाई सगळ्यात आधी जाते.

नोंद ठेवा

पहिल्या रेकॉर्डपासून नोंद ठेवायला लागा, वही असो की संगणक. एक नोंद साधारण अशी दिसावी: 'डॅम्ड, लव्ह साँग, चिस्विक, १९७९. लाल. चारांपैकी हे कव्हर. दोन्ही बाजूंचं रनआउट. तबकडी व्हीजी प्लस, दुसऱ्या बाजूला सुरुवातीला टिकटिक. कव्हर व्हीजी, मागे पेनाने नाव. कुणाकडून, कधी, किती.' दर्जा स्वतः वाजवून, स्वतःच्या हाताने लिहा, विकणाऱ्याचा उतरवू नका.

जास्तीच्या प्रती विकण्याआधी अदलाबदलीला ठेवून पाहा. ज्याला तुमच्याकडचा पिवळा रंग हवा आहे त्याच्या कपाटात तुम्हाला हवा असलेला गुलाबी असण्याची शक्यता बाजारापेक्षा जास्त असते, आणि दोघांनी खरं-खरं वर्णन केलं तर टपालखर्चाशिवाय एक पैसाही हलत नाही.